नजरेचा पेपर

पेपर फुटला म्हटलं की लातुरात कुणी मान वर करूनही बघत नसे. त्या वर्षी मात्र जो पेपर फुटला त्याचे परीक्षार्थी दीड-दोन वर्षांचे होते, डायपरमध्ये होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःचं नावही नीट सांगता येत नव्हतं. तरी फुटला. आपल्याकडे परीक्षा जाहीर झाली की आधी क्लास निघतो, मग गाइड निघतं आणि शेवटी पेपर निघतो. परीक्षार्थी रांगत येतो की चालत येतो, ह्यानं काही फरक पडत नाही.

सुमेधा बिराजदारला तो स्टाफरूममध्ये मिळाला. औसा रोडवरच्या एका मोठ्या क्लासमध्ये ती मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्र शिकवायची. तिच्या शेजारी बसणाऱ्या, फिजिक्स शिकवणाऱ्या सलगरे सरांनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"मॅडम, तुमच्या गिरिजाचा नजरेचा पेपर पुढल्या महिन्यात ना? घ्या, पूर्ण फिल्म आहे. माझ्या मेव्हणीच्या पोरानं हिच्यावरच हिरवा काढला."

"सर, अहो, ती आरोग्य तपासणी आहे. परीक्षा थोडीच आहे?"

"निकाल लागतो ना? मग परीक्षाच की." सलगरे सरांना आपण काही विनोद केला असं अजिबात वाटलं नव्हतं.

सरकारी नाव होतं 'बालदृष्टी तपासणी'. यंत्र तसं साधं होतं. बाळाला आईच्या मांडीवर बसवून एका पडद्यावर छोटी फिल्म दाखवायची. पडद्याच्या खालच्या कडेला बारीक दिवे असत, त्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण तो बाळाच्या बुबुळावर पडून चमकतो. कॅमेरा ती चमक सेकंदाला शेकडो वेळा टिपायचा आणि बाळ पडद्यावर नेमकं कुठे बघतंय, किती वेळ बघतंय, तिथून कुठे जातंय, ह्याचं गणित मांडायचा. फिल्ममध्ये पिवळ्या साडीतली एक बाई हसून बोलायची, शेजारी एक भिंगरी फिरायची. दोन मुलं चेंडू खेळायची, मागे रंगीत पट्टे सरकायचे.

बहुतेक बाळांना चेहऱ्यांची ओढ असते. आई बोलते तेव्हा ती तिच्या डोळ्यांकडे बघतात, ती जिकडे बघते तिकडे बघतात, आणि "तो बघ काऊ" म्हटल्यावर काऊ म्हणजे काय हे त्या बघण्यातून त्यांना कळतं. भाषा कानातून शिरते असं आपण समजतो, पण बरीचशी डोळ्यांतून शिरते. काही बाळांची नजर वेगळी असते. तिला चेहऱ्यापेक्षा भिंगरी ओढून घेते, पट्टे ओढून घेतात. ह्या मुलांना पुढे स्वमग्न म्हणतात, किंवा लोक सरळ ऑटिझम म्हणतात. पूर्वी हे कळायला मूल चार-पाच वर्षांचं व्हावं लागे. तोवर घरातले "बोलेल की, त्याचा बापही उशिराच बोलला होता" म्हणत वाट बघत बसायचे. पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या भराभर होत असतात, आणि नेमकी तीच वर्षं वाट बघण्यात जायची. यंत्रानं ती वाचवली. नजर नेहमीसारखी असेल तर निकाल हिरवा, वेगळी असेल तर निळा. निळा आला की सरकारकडून घरी एक 'सोबतीण' यायची. ही शिकलेली बाई रोज मुलाबरोबर जमिनीवर बसायची. त्याला भिंगरी आवडत असेल तर भिंगरीवरून बोलायला शिकवायची, आणि घरच्यांनाही त्याची रीत शिकवायची. मूल पाच वर्षांचं होईतो, तेही फुकट.

इतकं चांगलं यंत्र. पण निळा म्हटला की लोकांना नको व्हायचं. नर्सरीवाले म्हणे निकाल विचारतात. नातेवाईक म्हणे कुजबुजतात. लग्नाच्या बायोडाटात रक्तगटाखाली 'बालदृष्टी : हिरवी' अशी ओळ यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती, पण लोकांनी ती आत्ताच वाचली होती. वर्षभरात ट्युशन एरियात पाट्या लागल्या: 'चिमुकली नजर फाउंडेशन बॅच. हिरव्या निकालाची हमी.'

सुमेधा अशा पाट्यांना हसायची. घरी आली की तिचं हसू मावळायचं.

गिरिजा वीस महिन्यांची होती. हाक मारली तर वळायची नाही. वॉशिंग मशीन लावलं की त्याच्या गोल काचेपुढे मांडी घालून बसायची आणि धुणं होईतो हलायची नाही. सुमेधा कपडे वाळत घालायला उठली, पडली, ओरडली, तरी तिला फरक पडायचा नाही. आठवड्याला चेतासंस्थेवर तीन तास शिकवणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं? कळत होतं. म्हणूनच तिनं तयारी इतकी जोरात केली.

नवरा नागेश कच्छमधल्या सौर प्रकल्पावर होता, दोन-अडीच महिन्यांनी यायचा. त्याला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू एवढ्या पोरांना डॉक्टर केलीस. आपल्या लेकराला एक हिरवा काढून देता येईना का तुला?"

आता ह्यावर कोणती शिक्षिका गप्प बसेल?

तिनं टीव्हीवर फिल्म लावली आणि हाताशी बेदाण्यांची वाटी घेतली. गिरिजाला बेदाणे जिवापलीकडे आवडायचे. पिवळ्या साडीतल्या बाईच्या डोळ्यांकडे बघितलं की बेदाणा. भिंगरीकडे बघितलं की काही नाही. मग ती नुसत्या फिल्मवर थांबली नाही. घोकंपट्टीवर तिचा विश्वास नव्हता. विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, प्रश्न बदलला तरी उत्तर यायला हवं. म्हणून तिनं मासिकातले चेहरे दाखवले, व्हिडिओ कॉलवर नागेशचा दाखवला, आरशातला स्वतःचा दाखवला. डोळे, बेदाणा. डोळे, बेदाणा. महिनाभरात गिरिजा कुणाचाही चेहरा समोर आला की सरळ डोळ्यांत बघायला लागली.

तपासणी केंद्रावर आईला काळा चष्मा घालायला देत, म्हणजे आईची नजर बघून मुलानं आपली नजर वळवू नये. त्या काळोखात बसून सुमेधा फिल्म नुसती ऐकत होती. तिला ती पाठ झाली होती. घंटी वाजली, म्हणजे आता पिवळी साडी. मांडीवरच्या चिमुकल्या मानेची हालचाल तिला छातीशी जाणवली, बरोबर डावीकडे. पोरगी पेपर सोडवत होती. सुमेधाला अभिमान वाटला. खरंच वाटला.

निकाल हिरवा आला. तिनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्यानंतरचे काही दिवस फार सुखाचे गेले. गिरिजा सगळ्यांकडे बघायची. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "काय बाई टपोरे डोळे, कशी टकामका बघते!" सुमेधा क्लासवरून आली की पाळणाघरातून गिरिजा तिच्याकडे बघायची, आणि दिवसभराचा शीण जायचा. घरात दुसरं बोलायला कुणी नव्हतं. त्या नजरेवरच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

एका संध्याकाळी ती गिरिजाला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. निवडणुका जवळ आल्या होत्या. दुकानाच्या भिंतीवर एका उमेदवाराचं भलंमोठं पोस्टर होतं, हात जोडलेले, चेहरा भिंतभर. गिरिजा सुमेधाचं बोट सोडून त्या पोस्टरपुढे गेली. मान वर केली, त्या छापील डोळ्यांत सरळ बघितलं, आणि मग तिनं उजवा तळहात पुढे केला.

त्या गृहस्थानं पाच वर्षांत कुणाच्या हातावर काही ठेवलं नव्हतं. गिरिजा मात्र हात पसरून वाट बघत उभी राहिली. दुकानदार हसायला लागला. "लेकरू मतदान फुकट करणार नाही बघा, मॅडम!"

सुमेधाला हसू आलं नाही. घरी आल्यावर ती गिरिजासमोर बसली. गिरिजानं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तळहात पुढे केला. अगदी तसाच. इतके दिवस तो हात बेदाण्यासाठी येतो हे तिला माहीत होतं, पण नजर आपल्यासाठी येते असं ती समजत होती. आता तिला कळलं की नजरही हातासारखीच होती. आई आणि पोस्टर ह्यांत लेकीला काही फरक दिसत नव्हता. सुमेधाला रडू कोसळलं. गिरिजा तिच्या रडणाऱ्या डोळ्यांकडेही नीट, शिकवल्याप्रमाणे बघत राहिली.

ताप आला म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवावा तसं तिनं केलं होतं. पारा उतरला, ताप होता तिथेच होता. गिरिजाला अजून पाच-सहाच शब्द येत होते. त्यांत 'आई' नव्हतं.

"हिरवा आलाय ना? मग आता कामून उकरून काढूलालीस?" नागेश फोनवर म्हणाला.

"नागेश, ती बोलत नाहीये. तिला सोबतीण पाहिजे, आणि सोबतीण निळ्याशिवाय मिळत नाही."

"लोकं निळ्याचा हिरवा करायला पैसे मोजूलाले, आणि तू हिरव्याचा निळा करणार? लोकं काय म्हणतील?"

"लोकं इथं कुठं आहेत? मी एकटी आहे इथं," सुमेधा म्हणाली. त्यावर कच्छमधली रेंज गेली, किंवा गेली असं दोघांनी मानलं.

बालदृष्टी केंद्राच्या प्रमुख डॉ. तहसीन पठाण होत्या. केस पिकलेले, बोलणं तुटक. सुमेधानं गिरिजाला मांडीवर घेऊन त्यांना सगळं सांगितलं. आपली चूक सांगताना तिला वाटलं होतं, आता ह्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. कपाळाला हात लावून बसल्या.

"फुटलेली फिल्म आम्ही गेल्याच आठवड्यात बदलली," त्या म्हणाल्या. "ज्यांनी फिल्म पाठ करून घेतली ती मुलं नव्या फिल्मवर लगेच सापडतात. तुम्ही पाठ करून घेतलं नाहीत. तुम्ही कन्सेप्ट पक्का करून घेतलात."

सुमेधाला आयुष्यात पहिल्यांदा ह्या वाक्याची लाज वाटली.

"तुम्ही स्वतः तपासा ना तिला," ती म्हणाली. "यंत्राचं राहू द्या."

"तपासलं की आत्ता. ती माझ्या डोळ्यांत बघते. मला शंका आहे, पण शंकेवर सोबतीण मिळत नाही. नियम यंत्राचा आहे, कारण अख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारख्या डॉक्टर दोघीच. फेरतपासणी एकदाच मिळते, मूल अडीच वर्षांचं होण्याच्या आत. आत्ता केली तर पुन्हा हिरवाच येईल, आणि मग दार बंद."

"मग काय करू?"

"शिकवलेलं विसरू द्यायचं. बक्षीस थांबलं की शिकवलेली सवय हळूहळू विरते. माणसांचंही तेच, उंदरांचंही तेच. बेदाणे बंद. 'बघ' म्हणणं बंद. चेहऱ्यापुढे चेहरा नेणं बंद. तिनं बघितलं तरी तुम्ही काही करायचं नाही. जेवू घाला, कुशीत घ्या, गाणी म्हणा, सगळं करा. पण बघण्याला उत्तर द्यायचं नाही."

"हसायचंही नाही?"

"तुमचं हसणं हेही बक्षीसच आहे, सुमेधाताई."

"आणि ती आपणहून बघितली तर? खरंच आपणहून?"

"शिकवलेलं कोणतं आणि आपलं कोणतं, हे तुम्हाला ओळखता येईल?" डॉक्टरांनी विचारलं. सुमेधानं नकारार्थी मान हलवली. "मलाही नाही येणार. म्हणून तपासणी होईतो कशालाच उत्तर नको. मी हे आधी कुणाला सांगितलेलं नाही. असं काही करायची वेळच कुणावर आली नव्हती. तुम्हाला जमेल का, तेही मला माहीत नाही."

तिला जमलं. कसं जमलं ते तिचं तिला माहीत.

पहिले काही दिवस गिरिजा जास्तच बघायची. डोळ्यांत बघायची, हात पुढे करायची, हात रिकामाच राहिला की पुन्हा बघायची, आणखी जवळ येऊन. सुमेधा तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत भरवायची. मग हात येईनासा झाला. मग नजरही कमी झाली. आणि एका सकाळी सुमेधाच्या लक्षात आलं, की काल दिवसभरात लेकीनं आपल्याकडे एकदाही बघितलेलं नाही. औषध लागू पडत होतं. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडून घेतलं.

पुढचे दोन महिने घरात दोन माणसं होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गिरिजा वॉशिंग मशीनपुढे बसायची. सुमेधा तिच्या मागे बसायची, तिचे केस विंचरायची, पाठीवरून हात फिरवायची. गिरिजाच्या मानेवरचा तीळ, कानामागची लव, हे सगळं तिला त्या काळात पाठ झालं. चेहरा तेवढा तिनं नीट बघितला नाही. क्लासमध्ये दीडशे पोरं तिच्याकडे टक लावून बघायची, आणि शिकवता शिकवता ती फळ्याकडे वळून नाक पुसायची. पोरांना वाटायचं, मॅडमना सर्दी झालीय.

निलंग्याहून सासूबाई आल्या. सुमेधा त्यांना आत्या म्हणायची. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "काय गं, लेकराशी अबोला धरलीस का?"

"नाही आत्या. बोलते की मी तिच्याशी."

"तोंड दुसरीकडं करून बोलूलालीस. काल ती तुझ्याकडं बघितली, तू भिंतीकडं बघत बसलीस. नवऱ्यावरचा राग हाय का? त्याला फोन करून बोल, पण लेकरावर नको काढू."

सुमेधानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. यंत्र, हिरवा, निळा, बेदाणे, सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं. त्यांना एवढंच कळलं की सून आपल्या नातीला मुद्दाम नापास करायला निघालीय.

"मायबाई, असली आई म्या बघितली नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत गेल्या. जाताना त्यांनी गिरिजाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पटापट मुके घेतले. गिरिजानं मान सोडवून घेतली. आत्यांचे डोळे भरले, आणि त्याचाही दोष जाताना सुमेधाच्या पदरात पडला.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी सुमेधानं रजा काढली होती. दुपारी चारच्या सुमारास दोघी गॅलरीत बसल्या होत्या. खाली टँकर आला होता. माणसं चंद्रावर राहायला जाण्याच्या गोष्टी करत होती, पण लातूरचं पाणी अजून टँकरनंच येत होतं. ड्रायव्हरनं पाइप सोसायटीच्या टाकीत सोडला आणि पाणी चालू केलं. जोर जास्त झाला असावा. पाइप टाकीतून उसळून बाहेर आला आणि फणा काढल्यासारखा गरागरा फिरत, खाली इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात उभ्या असलेल्या सेक्रेटरींना डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढून गेला.

सेक्रेटरी ओरडले. ड्रायव्हर धावला. आणि गिरिजा हसली. खदखदून, पोट धरून हसली. हसता हसता तिनं मान वळवली आणि सुमेधाकडे बघितलं.

तळहात पुढे आला नव्हता. हात गॅलरीच्या गजांना घट्ट धरून होते. त्या बघण्यात मागणं काही नव्हतं. 'बघितलंस का तू?' एवढंच होतं. मूल काहीतरी गंमत बघतं आणि ती गंमत आपल्या माणसानंही बघितली ना, हे बघायला वळतं, ते बघणं. सुमेधा सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना त्याचं शास्त्रीय नाव आणि व्याख्या सांगू शकली असती. स्वतःच्या घरात तिनं ते पहिल्यांदा पाहिलं.

की नव्हतं पाहिलं? की हीसुद्धा जुन्या सवयीचीच एक ठिणगी होती? ओळखता येईल का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. ह्या क्षणी तिला वाटत होतं, येतं की! येतंच! पण अभिमान वाटला होता तेव्हाही तिला असंच वाटलं होतं. आणि उद्या तपासणी होती. आज ही नजर उचलून घेतली, हसली, कवटाळलं, आणि उद्या ह्या पोरीनं पडद्यावरच्या प्रत्येक चेहऱ्यात आईचं ते हसू शोधलं, तर? पुन्हा हिरवा. सोबतीण नाही. दार बंद. पोरगी पाच-सहा शब्दांवर अडकलेली, आणि सगळी दुनिया म्हणणार, हिला काय झालंय, हिरवी आहे की.

गिरिजा अजून बघत होती.

सुमेधानं तोंड फिरवलं.

ती टँकरकडे बघत राहिली. तिला खालचं काहीच दिसत नव्हतं. शेजारचं हसणं हळूहळू थांबलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तेव्हा गिरिजा गजांवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या थेंबांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तो काळा चष्मा, पुन्हा तो काळोख. ह्या वेळी फिल्म नवी होती. कोणत्या आवाजाला काय येतं हे तिला माहीत नव्हतं. मांडीवरची मान कधी उजवीकडे जायची, कधी खाली, कधी बराच वेळ एकाच जागी थांबायची. ती कुणाकडे बघतेय ह्याचा सुमेधाला काही अंदाज येईना.

"निळा," डॉ. पठाण म्हणाल्या. त्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. "अगदी स्पष्ट आहे. सोमवारपासून सोबतीण येईल. वेळेत आलात, सुमेधाताई. तीन वर्षं पूर्ण व्हायला अजून जवळजवळ वर्ष हातात आहे हिच्या."

बाहेर बाकावर बसलेल्या दोन आयांनी दारातून पडद्यावरचा रंग बघितला होता. त्यांनी सुमेधाकडे दयेनं बघितलं आणि आपापली मुलं जरा जवळ ओढली. नागेशला तिनं तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "बरं झालं, असं म्हणू का मी?" ती म्हणाली, "म्हण." तो म्हणाला, "बरं झालं." तिनं फोन ठेवला.

ती पुन्हा आत गेली. डॉक्टर पुढच्या मुलाची तयारी करत होत्या.

"मॅडम, काल ती माझ्याकडं बघितली. आपणहून, हसता हसता. मी तोंड फिरवलं."

डॉक्टरांचे हात थांबले. त्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यातला तुटकपणा गेला.

"मीच सांगितलं होतं तसं."

"ते चूक नाही म्हणत मी. पुन्हा बघेल का ती?"

"बघेल. अशी मुलं बघतात. त्यांच्या वेळेनं, त्यांच्या रीतीनं."

"कधी?"

डॉक्टरांनी त्या यंत्राकडे बघितलं, जणू उत्तर त्याच्याकडे असेल. "ते सांगणारं काही अजून निघालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्ही मोकळ्या आहात. हवं तेवढं बघा तिच्याकडे. हवं तेवढं हसा."

घरी आल्यावर सुमेधानं दार लावलं, पर्स टाकली आणि गिरिजासमोर जमिनीवर बसली. अडीच महिन्यांत तिनं लेकीचा चेहरा असा समोरून बघितला नव्हता. गाल जरा उतरले होते. वरचा एक दात नवा आला होता. तो कधी आला ते तिला कळलंही नव्हतं. "गिरू," ती म्हणाली, आणि हसली.

पंख्याची सावली फरशीवर फिरत होती. गिरिजा त्या सावलीकडे बघत होती.

सुमेधा हसत राहिली. गाल दुखायला लागले तरी ती तशीच, तोंड समोर धरून, हसत बसून राहिली. गिरिजानं वर बघितलं नाही.